घरातील ग्रंथसंग्रह आणि भिंतीलगतची कपाटे : नागपूरच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

अध्यापकाच्या घरातील ग्रंथसंग्रह हा त्याच्या अध्ययनाचा पाया असतो. मात्र हा संग्रह ज्या कपाटांत ठेवला जातो त्यांचा विचार बहुधा सजावटीच्या अंगाने होतो. प्रस्तुत लेखात भिंतीलगत कायमस्वरूपी बसविल्या जाणाऱ्या ग्रंथकपाटांच्या बांधणीचा विचार ग्रंथांची संख्या व आकार, फळीची सहनशक्ती, घराच्या जमिनीवरील भार, नागपूरचे हवामान आणि वाळवी या पाच घटकांच्या आधारे केला आहे. कपाटाची रचना पुस्तकांपासून व भिंतीपासून सुरू व्हावी, दर्शनी भागापासून नव्हे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : घरगुती ग्रंथालय, ग्रंथकपाट, फडताळ, वाळवी, ग्रंथसंरक्षण, नागपूर.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाच्या घरी पुस्तके एकदम येत नाहीत. विद्यार्थिदशेत काटकसर करून घेतलेली क्रमिक पुस्तके, संशोधनाच्या काळात जमविलेले संदर्भग्रंथ, चर्चासत्रांतून मिळालेल्या स्मरणिका, सहकाऱ्यांनी भेट दिलेले काव्यसंग्रह आणि नियतकालिकांचे जुने अंक असा हा संग्रह वीस-पंचवीस वर्षांत साठत जातो. आरंभी तो एका लोखंडी रॅकवर मावतो. पुढे तो ट्रंकेत, पलंगाखालच्या खोक्यांत आणि माळ्यावर पसरतो. स्वतःचे घर झाले की ‘एक भिंत पुस्तकांसाठी’ असा संकल्प केला जातो आणि सुताराला बोलावणे जाते.

येथपर्यंतचा प्रवास बहुतेक घरांत सारखाच असतो. पुढे मात्र अनेकदा असे घडते की, दोन-तीन वर्षांत फळ्या मध्यभागी खाली झुकतात, मागच्या रांगेतील पुस्तके विस्मृतीत जातात, आणि एखाद्या पावसाळ्यानंतर खालच्या खणातील ग्रंथ उचलला असता मलपृष्ठाऐवजी मातीचा थर हाती लागतो. ही हानी केवळ पैशांची नसते. बाजारात सहज मिळणारी कादंबरी पुन्हा विकत घेता येते. परंतु एखाद्या तालुक्याच्या इतिहासावरील पुस्तिका, स्थानिक साहित्य संमेलनाची स्मरणिका, मोजक्या प्रतींत छापलेला बोलीविषयक अभ्यास यांची दुसरी प्रत शोधणे बहुधा अशक्य असते. अशी प्रकाशने सार्वजनिक ग्रंथालयांत पोहोचतातच असे नाही. ती अध्यापकांच्या घरी टिकतात किंवा तेथेच नष्ट होतात. म्हणून घरातील कपाट हा विषय वरकरणी गृहसजावटीचा वाटला तरी तत्त्वतः तो ग्रंथसंरक्षणाचा आहे.

२. पूर्वपरंपरा : फडताळापासून ‘राजगृहा’पर्यंत

भिंतीत कपाट करण्याची कल्पना मराठी घराला नवी नाही. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींत कोनाडे, देवळ्या आणि फडताळे मूळ बांधकामाबरोबरच केली जात. नागपूरच्या महाल भागातील जुन्या घरांतही ही रचना परिचयाची आहे. फडताळाला वेगळी जागा लागत नसे, कारण भिंतीची जाडी हीच त्याची खोली असे. पोथ्या रुमालात बांधून आडव्या ठेवण्याची रीत असल्याने उभ्या पुस्तकांसाठी लागणारी उंचीही तेथे आवश्यक नव्हती. आधुनिक घरात काँक्रीटचा सांगाडा आला आणि आतील भिंती बहुधा अर्ध्या विटेच्या झाल्या. फडताळ भिंतीच्या पोटात मावेनासे झाले व कपाट भिंतीच्या पुढे आले. नाव ‘भिंतीतले कपाट’ असेच राहिले, तरी वस्तुतः ते भिंतीलगतचे कपाट आहे. हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण भिंत आणि कपाट यांच्यामध्ये जी अरुंद, अंधारी पोकळी राहते तीच पुढे ओल व वाळवी यांचे आश्रयस्थान बनते.

घर आणि ग्रंथ यांच्या नात्याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकाच्या आरंभी बांधलेले ‘राजगृह’ होय. प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव धारण करणाऱ्या या वास्तूच्या रचनेत कुटुंबाच्या निवासाइतकाच ग्रंथालयाचा विचार केंद्रस्थानी होता. बाबासाहेबांचा संग्रह ५०,००० हून अधिक ग्रंथांचा होता असे सांगितले जाते, आणि त्यांतील बरेच ग्रंथ पुढे सिद्धार्थ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेले. या उदाहरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, घराची आखणी करतानाच ग्रंथांची जागा निश्चित झाली पाहिजे. दुसरी अशी की, व्यक्तिगत संग्रहाचा शेवट घरातच होऊ नये यासाठी त्याची पुढील वाटही ठरलेली असावी. सामान्य अध्यापकाचा संग्रह हजार-दीड हजार ग्रंथांचा असला तरी या दोन्ही गोष्टी त्यालाही लागू पडतात.

३. आरंभ मोजणीपासून

सुताराशी बोलण्यापूर्वी पुस्तके मोजावीत. मोजणी संख्येत न करता लांबीत करणे अधिक उपयुक्त ठरते. पुस्तके जमिनीवर उभी लावून त्यांच्या कण्यांची एकूण लांबी टेपने मोजावी. सर्वसाधारण मराठी पुस्तकाची जाडी दोन ते अडीच सेंटिमीटर धरली, तर एक मीटर फळीवर सुमारे ४० पुस्तके मावतात. या हिशेबाने १२०० पुस्तकांना ३० मीटर फळी लागते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी पाचवा नियम ग्रंथालयाच्या अखंड वाढीविषयीचा आहे, आणि तो घरगुती संग्रहालाही लागू होतो. म्हणून आजच्या गरजेत एक तृतीयांश भर घालून ४० मीटर फळीची योजना करावी.

यानंतर उंचीचा विचार करावा. डेमी आकाराचे पुस्तक सुमारे २२ सेंटिमीटर उंच असते, त्यासाठी २६ सेंटिमीटरचा खण पुरतो. रॉयल आकारासाठी सुमारे ३२ आणि कोश, नकाशासंग्रह व बांधीव नियतकालिके यांसाठी ३८ सेंटिमीटर उंची ठेवावी. सर्वांत खाली ३८ सेंटिमीटरचा एक, त्यावर ३२ सेंटिमीटरचा एक आणि त्यावर २६ सेंटिमीटरचे पाच असे सात खण केले, तर १० सेंटिमीटरच्या जोत्यासह व फळ्यांच्या जाडीसह कपाटाची एकूण उंची सुमारे २२४ सेंटिमीटर होते. सर्वांत वरच्या खणासाठी स्टूल लागेल, म्हणून तेथे क्वचित लागणारे ग्रंथ ठेवावेत.

खोलीच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात. कपड्यांच्या कपाटाच्या सवयीने सुतार ४५ सेंटिमीटर खोलीचे माप धरतो. अशा कपाटात पुस्तकांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग दिसेनाशी होते. वाचकाचा वेळ वाचविणे हा रंगनाथनांचा चौथा नियम आहे, आणि दुहेरी रांग त्याच्या नेमकी विरुद्ध जाते. बहुतेक पुस्तकांना २५ सेंटिमीटर खोली पुरते. ३० सेंटिमीटर ठेवल्यास पुस्तकांच्या मागे हवा खेळण्यासाठी चार-पाच सेंटिमीटर जागा राहते.

४. फळी का झुकते?

दोन टोकांवर टेकलेल्या फळीवर सारखा भार असता तिचा मध्यभागीचा झोक लांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात कमी होतो. व्यवहारात याचा अर्थ असा की, फळीची लांबी दीडपट केली तर झोक सुमारे पाचपट होतो. भरलेल्या फळीवर दर मीटरला सुमारे ३० किलोग्रॅम भार धरावा. १८ मिलीमीटर जाड व ३० सेंटिमीटर खोल प्लायवूडची फळी ९० सेंटिमीटर लांब असेल, तर तिचा आरंभीचा झोक सुमारे तीन मिलीमीटर येतो. हीच फळी ६० सेंटिमीटर लांब असेल तर झोक सुमारे अर्धा मिलीमीटर, म्हणजे डोळ्यांना न जाणवणारा असतो. पार्टिकल बोर्डाची ९० सेंटिमीटर लांब फळी याच भाराखाली सुमारे सात मिलीमीटर झुकू शकते. सततच्या भाराखाली लाकूडजन्य पदार्थ काळानुसार आणखी झुकत जातात. त्यामुळे पहिल्या दिवशी जेमतेम जाणवणारा झोक काही वर्षांत उघड दिसू लागतो.

यावरून ६० सेंटिमीटर लांबीचा खण हे योग्य माप ठरते. हे माप काटकसरीचेही आहे. प्लायवूडचा आठ फूट गुणिले चार फुटांचा ताव २४४ गुणिले १२२ सेंटिमीटर असतो. करवतीची घट धरूनही त्यातून ६० गुणिले ३० सेंटिमीटरच्या १६ फळ्या निघतात आणि जवळपास काहीही वाया जात नाही. कापताना ६० सेंटिमीटरची बाजू तावाच्या लांबीच्या दिशेने घ्यावी, म्हणजे पृष्ठभागाचे तंतू फळीच्या लांबीत येतात व फळी अधिक ताठ राहते. बारा फुटी भिंतीवर असे पाच उभे विभाग बसतात. सात खण गुणिले पाच विभाग म्हणजे २१ मीटर फळी झाली. दोन भिंतींवर ४२ मीटर होते, म्हणजे वर काढलेली ४० मीटरची गरज भागते. माथ्याच्या फळ्या धरून दोन्ही भिंतींना ८० फळ्या, म्हणजे पाच ताव आणि १२ उभ्या बाजूंसाठी तीन ताव, असे एकूण आठ ताव लागतात. हा हिशेब अध्यापकाने स्वतः केलेला असेल, तर साहित्याच्या खरेदीबाबत मिस्त्रीशी होणारे बोलणे स्पष्ट व सलोख्याचे राहते.

एखादी फळी ६० सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवणे अपरिहार्य असेल, तर तिच्या दर्शनी कडेला सुमारे ४० मिलीमीटर रुंदीची सागाची उभी पट्टी चिकटवून स्क्रूने घट्ट करावी. त्यामुळे फळीचा ताठपणा दीडपटीहून अधिक वाढतो.

५. जमिनीवरील भार

वरील मापाच्या एका भिंतीवरील कपाटात पूर्ण भरल्यावर ६३० किलोग्रॅम ग्रंथ आणि सुमारे १४० किलोग्रॅम लाकूड, असे एकूण पावणेआठशे किलोग्रॅम वजन येते. कपाटाच्या तळाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरहूनही कमी असते. भारतीय मानक आय.एस. ८७५ (भाग २) नुसार निवासी खोलीच्या जमिनीचा आराखडा दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅम उपयोगभार धरून केला जातो. ग्रंथालयाच्या ग्रंथभांडारासाठी हाच आकडा किमान ६ किलोन्यूटन आहे. घराची खोली ही ग्रंथभांडार म्हणून बांधलेली नसते, ही गोष्ट या दोन आकड्यांतून स्पष्ट होते.

याचा अर्थ घरात कपाट करूच नये असा नव्हे. निवासी भार संपूर्ण खोलीवर पसरलेला गृहीत धरलेला असतो, आणि भिंतीलगतचा भार स्लॅबच्या आधाराजवळ असल्याने तुलनेने कमी त्रासदायक ठरतो. तथापि काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. तळमजला उपलब्ध असल्यास त्यास प्राधान्य द्यावे. वरच्या मजल्यावर कपाट ज्या भिंतीलगत येईल तिच्याखाली तुळई आहे काय, हे नकाशात पाहावे. सज्जा किंवा बाहेर आलेली बाल्कनी बंद करून तेथे ग्रंथालय करण्याचा मोह टाळावा. संग्रह मोठा असल्यास संरचना अभियंत्याचे मत घ्यावे. ग्रंथांच्या तुलनेत हा खर्च अल्प आहे.

६. नागपूरचे हवामान आणि कूलर

नागपूरच्या उन्हाळ्याची ओळख करून देण्याची गरज नाही. मे २०१३ मध्ये येथे ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. उन्हाळ्याच्या दुपारी हवेतील सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, तर ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर जाते. कागदाला सुमारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते आणि ६५-७० टक्क्यांपलीकडे बुरशीचा धोका वाढतो. मात्र केवळ कोरडेपणा किंवा केवळ ओल यांपेक्षा आर्द्रतेतील वारंवार होणारा चढउतार ग्रंथांना अधिक जाचक ठरतो. कागद, पुठ्ठा, कापड आणि सरस हे घटक वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात व आकसतात. परिणामी पुठ्ठे वाकतात आणि बांधणी सुटते.

येथे नागपूरच्या घरांचे एक वैशिष्ट्य विचारात घ्यावे लागते, ते म्हणजे कूलर. ओल्या ताट्यांतून येणारी हवा थंड असते तशीच दमटही असते. कूलर सुरू असताना खोलीतील आर्द्रता झपाट्याने वाढते आणि तो बंद करून खिडक्या उघडल्यावर ती पुन्हा कोसळते. पावसाळा वर्षातून एकदा येतो, परंतु कूलरमुळे निर्माण होणारा हा लहानसा पावसाळा एप्रिल ते जून या काळात रोज येतो आणि रोज जातो. त्यामुळे कपाट कूलरच्या झोतासमोर कधीही नसावे. शक्य असल्यास ग्रंथांच्या खोलीत कूलर बसवू नये. बसविणे अपरिहार्य असल्यास झोताची दिशा कपाटाला समांतर ठेवावी आणि समोरची खिडकी उघडी ठेवून दमट हवेला वाट द्यावी.

भिंतीची निवडही याच अनुषंगाने करावी. पश्चिमेची भिंत दुपारच्या उन्हाने तापते आणि स्नानगृहालगतची भिंत आतून ओलावते. पावसाचा मारा सहन करणारी बाहेरची भिंतही टाळावी. दोन खोल्यांमधील आतील भिंत सर्वांत सुरक्षित असते. कोणत्याही भिंतीपासून कपाटाची पाठ चार-पाच सेंटिमीटर पुढे ठेवावी आणि खाली व वर हवेसाठी फटी ठेवाव्यात. काचेची दारे धूळ रोखतात, परंतु पूर्ण बंद कपाटात दमट हवा कोंडते. म्हणून दारांच्या खाली-वर बोटभर फट ठेवणे हितावह असते.

७. वाळवी

नागपूर परिसरातील काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या हालचालीमुळे जोत्याला व फरशीखाली सूक्ष्म तडे जातात आणि जमिनीतील वाळवीला तीच वाट मिळते. वाळवीला ओलावा व अंधार हवा असतो. त्यामुळे ती उघड्यावर न येता मातीच्या नळ्या करून भिंतीवरून चढते आणि कपाटाच्या पाठीमागून आत शिरते. पुस्तके समोरून सुस्थितीत दिसत असतानाच ती मागून पोखरली जातात, याचे कारण हेच होय.

कपाट बसविण्यापूर्वी वाळवीविरोधी उपचार करून घेणे हा यावरील खरा उपाय आहे. बांधून झालेल्या इमारतींसाठीची पद्धत आय.एस. ६३१३ (भाग ३) या मानकात दिली आहे. तीनुसार भिंत व फरशी यांच्या सांध्यात सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर छिद्रे पाडून त्यांत द्रावण भरले जाते. कपाट बसल्यानंतर हा सांधा झाकला जातो व उपचार अवघड होतो, म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. उपचार परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्यावा. त्या काळात ग्रंथ खोलीबाहेर ठेवावेत आणि औषध ग्रंथांवर कधीही फवारू नये.

जोते लाकडाचे न करता कडप्पा, ग्रॅनाइट किंवा फरशीचे करावे. दगड वाळवीला थोपवत नाही, पण तिची मातीची नळी त्यावर स्पष्ट दिसते आणि वेळीच इशारा मिळतो. याच कारणासाठी कपाटाच्या पाठीला सरसकट प्लाय ठोकण्याऐवजी स्क्रूने बसविलेले, काढता येणारे तक्ते लावावेत. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, ते काढून भिंत तपासावी. कसर आणि घुण यांचा बंदोबस्तही याच तपासणीत करता येतो.

८. साहित्याची निवड

विदर्भाला सागाचे वैभव लाभले आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील साग देशभर नावाजलेला आहे, आणि अयोध्येतील राममंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागाचे लाकूड पाठविण्यात आले. तथापि सागाला वाळवी लागत नाही ही समजूत अर्धसत्य आहे. वाळवीला प्रतिकार करण्याचा गुण खोडाच्या गाभ्यातील गडद लाकडात असतो. कडेच्या पांढुरक्या भागाला कीड सहज लागते. म्हणून ‘साग आहे’ एवढ्यावर समाधान न मानता पांढरा भाग काढलेला व पुरता वाळलेला साग घ्यावा.

संपूर्ण कपाट सागाचे करणे आज बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. फळ्या व उभ्या बाजू आय.एस. ७१० मानकाच्या प्लायवूडच्या आणि दर्शनी पट्ट्या सागाच्या, ही मांडणी टिकाऊ व परवडणारी ठरते. पार्टिकल बोर्ड ओलाव्याने फुगतो आणि त्यात स्क्रू टिकत नाही, त्यामुळे ग्रंथकपाटासाठी तो टाळावा. कडप्प्याच्या फळ्यांचा जुना पर्यायही विचारार्ह आहे. त्यांना कीड लागत नाही, परंतु त्या भिंतीत रुतलेल्या असल्याने भिंतीची ओल थेट पुस्तकांपर्यंत येते आणि उंची नंतर बदलता येत नाही. लाकूड व प्लाय कामापूर्वी दोन-तीन आठवडे त्याच खोलीत ठेवावेत, म्हणजे ते तेथील हवेशी जुळवून घेतात. पॉलिश किंवा रंग झाल्यावर वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण महिनाभर, पुस्तके आत ठेवू नयेत.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून कामाचा क्रम पुढीलप्रमाणे निश्चित होतो : प्रथम पुस्तकांची मोजणी, नंतर भिंतीची निवड व भाराची तपासणी, त्यानंतर वाळवीविरोधी उपचार, मग साठ सेंटिमीटरच्या मापाने कपाटाची बांधणी आणि अखेरीस सनमाईका, पॉलिश व काच यांची निवड. प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा असतो आणि त्याची किंमत पुस्तकांना मोजावी लागते.

कपाट भिंतीशी सिमेंटने एकजीव न करता स्क्रूने जोडलेले असावे, कारण अध्यापकाची बदली होते, घर विकले जाते आणि पुढील पिढी दुसऱ्या शहरात स्थायिक होते. कपाटाबरोबर एक नोंदवहीही असावी. तीत दुर्मीळ ग्रंथ व स्थानिक प्रकाशने यांवर खूण केलेली असावी, तसेच संग्रह पुढे कोणत्या महाविद्यालयाच्या वा सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन करावा, हेही संबंधित ग्रंथालयाची संमती घेऊन लिहून ठेवावे. अशी नोंद नसली की वारसांपुढे रद्दीवाल्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. उत्तम बांधलेले कपाट ग्रंथांना वाळवीपासून वाचवू शकते. रद्दीपासून मात्र त्यांना ही नोंदवहीच वाचवू शकते.